इंटर-कॉलेजची स्ट्रायकर, लीगची लेफ्ट बॅक: नागपूरच्या एका खेळाडूचे प्रकरण

वय २०, बी.ए.चे दुसरे वर्ष, राहायला उत्तर नागपुरात. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५४ किलो, खेळते डाव्या पायाने. कॉलेजच्या फुटबॉल संघाची स्ट्रायकर (गोल करणारी आघाडीची खेळाडू), राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची कलर होल्डर (विद्यापीठाच्या संघातून खेळलेली), पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या संघात दोनदा निवड. इंटर-कॉलेजच्या एका सामन्यात तिने एकटीने पाच गोल केलेले आहेत. तिला इंडियन वुमेन्स लीगमध्ये, म्हणजे देशातल्या महिला क्लबांच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळायचे आहे. परराज्यातल्या एका क्लबच्या ट्रायलला ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत पाठवली गेली.

हे एका मुलीचे चरित्र नाही. नागपूर-कामठीच्या मैदानांवर चांगल्या खेळणाऱ्या मुली ज्या टप्प्यावर येऊन थांबतात, तो नीट दिसावा म्हणून अनेकींची परिस्थिती एकत्र करून हे प्रकरण मांडले आहे. म्हणून तिला नाव नाही, आणि तिच्याबद्दलचे आकडे नमुन्याचे आहेत. लीग, नियम आणि लीगच्या किमान मानधनाची रक्कम मात्र जशी आहे तशी दिली आहे.

पाच गोलांचे वजन किती

ट्रायलमधून परतल्यावर घरचे, मैत्रिणी आणि कॉलेजमधले सर सगळ्यांनी एकच अंदाज बांधला: ओळख नव्हती, म्हणून घेतले नाही. ओळखीचा भाग असतोही. पण या प्रकरणात कारण दुसरीकडे आहे, आणि ते कागदावर मांडले की लगेच दिसते.

तिच्या वर्षभरातल्या सामन्यांची मिनिटे मोजू. इंटर-कॉलेजचे चार सामने, प्रत्येकी ६० मिनिटांचे: २४०. विद्यापीठ संघाकडून पश्चिम विभागात तीन सामने, बदली खेळाडू आल्यावर बाहेर बसल्याचा वेळ वजा करता प्रत्येकी साधारण ८०: आणखी २४०. झाली ४८० मिनिटे. तिसऱ्या सामन्यात संघ हरला, स्पर्धा बाद पद्धतीची, गाडी पकडून सगळे घरी. पश्चिम विभागातून पहिले चार संघच अखिल भारतीय आंतरविद्यापीठ फेरीला जातात. तिथवर पोचला नाही तर विद्यापीठाचा हंगाम तिथेच संपतो.

आता समोरची बाजू. २०२४-२५ च्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये आठ संघ होते आणि घरच्या-बाहेरच्या पद्धतीने प्रत्येकाला १४ सामने मिळाले. पूर्ण वेळ खेळणाऱ्या मुलीची मिनिटे १,२६०. शिवाय राज्य लीग, सराव सामने आणि राष्ट्रीय स्पर्धा वेगळ्या. म्हणजे ट्रायलला तिच्या शेजारी उभी असलेली मणिपूरची किंवा ओडिशाची मुलगी त्याच वयात तिच्या तिप्पट खेळून आलेली असते.

मिनिटांची प्रतही बघावी लागते. पाच गोल झाले तो सामना ११-० होता. अशा सामन्यात समोरच्या बचावाच्या पाठीमागे ३० मीटर मोकळी जागा असते, गोलकीपर पुढे येत नाही आणि धावणारी मुलगी एकटीच चेंडूवर पोचते. त्यातून धावण्याचा वेग कळतो, पण दडपणाखाली चेंडू घेता येतो का हे कळत नाही. तिच्या ४८० पैकी तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याविरुद्धची मिनिटे जेमतेम १६० होती. अडचणीचे मूळ हे आहे, आणि पुढची सगळी आखणी या एका आकड्याभोवती केली आहे.

ट्रायलमध्ये नेमके काय बिघडले

पहिले, हवा. नागपूरच्या मे महिन्यात ४४-४५ अंशांत सराव करणारीला वाटते की उन्हाचे आपल्याला काही नाही. पण आपले ऊन कोरडे. घाम येतो, वाळतो, अंग थंड होते. केरळ, बंगाल किंवा ओडिशाच्या किनाऱ्याकडच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो आणि अंग तापत जाते. ३२ अंशांतही विसाव्या मिनिटाला पाय जड होतात. शरीराला अशा हवेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. ती ट्रायलच्या आदल्या रात्री पोचली. लवकर जाण्याचा खर्च परवडत नसेल तर निदान चार दिवस आधी पोचावे आणि पाण्यात मीठ-साखर घालून दिवसभर घोट घोट प्यावे.

दुसरे, बूट. घरचे मैदान मुरमाचे, तिथे जुने फर्म ग्राउंडचे लांब स्टड चालून जातात. ट्रायल कृत्रिम टर्फवर होती. लांब ब्लेड टर्फमध्ये रुततात, पाय जमिनीत अडकतो आणि अंग वळते. गुडघ्याला यासारखे वाईट काही नाही. तिने पडण्याच्या भीतीने वळणे टाळले आणि बघणाऱ्यांना ती संथ वाटली. टर्फसाठी आखूड, भरपूर स्टडचे एजी (कृत्रिम गवतासाठीचे) किंवा टीएफ (टर्फसाठीचे) तळवे घ्यावेत, आणि नवे बूट ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्या सत्रात प्रशिक्षकांनी तिला लेफ्ट बॅकला, म्हणजे बचावफळीत डाव्या कडेला उभे केले. तिला तो अपमान वाटला. खरे तर डाव्या पायाची मुलगी दिसताच प्रशिक्षकांनी तिला एक संधी दिली होती. लीगमधल्या क्लबांना परदेशी खेळाडू घेता येतात आणि बहुतेक क्लब तो पैसा गोल करणारीवर खर्च करतात. गोकुलम केरळ या क्लबने नेपाळची सबित्रा भंडारी आणली, युगांडाची फझिला इक्वापुटही. कॉलेजातून आलेल्या स्ट्रायकरची स्पर्धा अशा खेळाडूंशी असते. डाव्या पायाने खेळणाऱ्या भारतीय लेफ्ट बॅक मात्र थोड्या आहेत.

तिथे तिचे काय झाले ते जवळून बघण्यासारखे आहे. सेंटर बॅककडून (बचावफळीत मध्ये खेळणारीकडून) तिच्याकडे पास आला. ती चेंडूकडे तोंड करून, दोन्ही पाय समांतर ठेवून उभी होती. चेंडू तिने उजव्या तळव्याखाली दाबला, कारण मुरमावर तो उसळतो आणि असा दाबावाच लागतो. मग मान वर केली, मग वळली. यात दोन सेकंद गेले. तोवर समोरची विंगर (कडेने हल्ला करणारी खेळाडू) अंगावर आली होती; चेंडू बाहेर. पुढच्या तीन वेळा तेच.

बरोबर पद्धत अशी: पास निघण्याआधी एकदा आणि चेंडू वाटेत असताना पुन्हा एकदा खांद्यावरून मागे-पुढे बघायचे. पाठ टचलाइनकडे, छाती मैदानाकडे, अंग अर्धे वळलेले. चेंडू जवळच्या उजव्या पायासमोरून जाऊ द्यायचा आणि लांबच्या, म्हणजे डाव्या पायाच्या आतल्या बाजूने पहिल्याच स्पर्शात पुढे ढकलायचा. थांबवायचा नाही. पहिला स्पर्श एक-दीड मीटर पुढे पडला की विंगर मागे राहते. यात वेगाचा किंवा ताकदीचा संबंध नाही, सगळा भाग सवयीचा आहे, आणि ती सवय रिकाम्या मैदानात लागत नाही.

बचावातली चूक वेगळीच. चेंडू उजव्या बाजूला असताना ती चेंडूच बघत राहिली आणि तिच्या पाठीमागून आलेल्या मुलीने दुसऱ्या पोस्टवर हेडर मारला. लेफ्ट बॅकला अशा वेळी चेंडू आणि आपली खेळाडू दोन्ही एकाच नजरेत येतील असे तिरके उभे राहावे लागते.

पुढचे नऊ महिने

तिच्यासमोर आधी सुचलेला मार्ग होता: आणखी तीन क्लबांच्या ट्रायल. आमच्या मते तो चुकीचा. तयारीत काही न बदलता दुसऱ्या ट्रायलला गेले की तोच निकाल हाती पडतो आणि प्रवासावर घरचे आठ-दहा हजार जातात. आधी मिनिटे वाढवायची, मग ट्रायल.

नागपुरात मुलींचे सामने कमी, हे खरे. पण फुटबॉल कमी नाही. कामठीत आणि उत्तर नागपुरात मुलांचे क्लब पिढ्यानपिढ्या खेळत आहेत. झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ विजय बारसे यांनी २००१ मध्ये इथेच सुरू केली आणि तिच्यामुळे अनेक वस्त्यांमध्ये मुलींच्या पायाला पहिल्यांदा चेंडू लागला. तिने एका क्लबच्या १५ वर्षांखालील मुलांबरोबर दर रविवारी ४० मिनिटे लेफ्ट बॅकला खेळायचे ठरवले. याहून मोठ्या वयाची मुले नकोत: त्यांच्या धडकेचा वेग वेगळा असतो, दुखापत होते. पंधराच्या आतली मुले तिच्याएवढीच वेगवान आणि चेंडूवर चपळ असतात, म्हणजे तिला हवे तेच दडपण मिळते. असे २० रविवार म्हणजे ८०० मिनिटे. त्यात जिल्ह्याच्या महिला स्पर्धा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची म्हणजे 'विफा'ची आंतरजिल्हा स्पर्धा आणि विद्यापीठाचे सामने धरले की वर्षाचा आकडा दीड हजाराजवळ जातो.

आठवड्याची मांडणी: सोमवारी विश्रांती. मंगळवार आणि शुक्रवार ताकद: स्क्वॉट, लंज, एका पायावर रोमानियन डेडलिफ्ट आणि नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभे राहून हळूहळू पुढे झुकण्याचा, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम). नॉर्डिक पहिल्या आठवड्यात फक्त ५-५ चे दोन सेट; उत्साहात जास्त केले की चार दिवस मांड्या आखडतात आणि सराव बुडतो. बुधवार, गुरुवार आणि शनिवारी चेंडूचा सराव, सकाळी सहाला. रविवारी सामना.

प्रत्येक चेंडूसत्रापूर्वी 'फिफा ११+' हा वॉर्म-अप सक्तीचा. वीस मिनिटे लागतात: ८ मिनिटे हळू धाव, १० मिनिटे ताकद-उड्या-तोल, शेवटची २ मिनिटे वेगाची धाव. मुलींमध्ये गुडघ्याचा पुढचा क्रूसिएट लिगामेंट म्हणजे एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि एकदा तुटला की शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरावेत. हा वॉर्म-अप नियमित केल्याने दुखापती लक्षणीय कमी होतात हे तपासलेले आहे. तरीही इथल्या मैदानांवर दोन फेऱ्या मारून थेट शूटिंग सुरू होते. उडी मारून उतरताना गुडघे आत झुकतात का, हे मोबाइलवर समोरून चित्रीकरण करून बघावे. झुकत असतील तर ते सुधारेपर्यंत उड्यांचे प्रमाण वाढवू नये.

दमसास मोजायला यो-यो चाचणी. २० मीटर जाणे, २० मीटर येणे, मध्ये १० सेकंद विश्रांती, वेग वाढत जातो. तिची पहिली नोंद ७२० मीटर. लक्ष्य १,२०० च्या पुढचे, दर सहा आठवड्यांनी एकदा मोजायचे. तीन महिन्यांत ती ९२० वर येऊन अडकली. सराव वाढवूनही आकडा हलेना, सकाळी उठवत नव्हते, जिना चढताना धाप लागत होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन १०.४. महिलांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. मुलींच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडते की सराव वाढवण्याआधीच हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे असे आम्ही आग्रहाने सांगू. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्या, चहाबरोबर कधीच नाही. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकलावा. पाळीच्या तारखा आणि त्या दिवसांतला थकवा वहीत लिहावा, आणि सलग तीन महिने पाळी आली नाही तर ते 'सराव चांगला चाललाय' याचे लक्षण न समजता डॉक्टरकडे जावे. बहुतेक वेळा खाणे कमी पडत असते.

खाण्याचा हिशेब घरच्या स्वयंपाकातच बसतो. ५४ किलो वजनाला दिवसाला साधारण ८५ ग्रॅम प्रथिने लागतात. तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६, सोयाबीन वड्या कोरड्या ५० ग्रॅम २६, दोन वाट्या वरण १३, चार पोळ्या १२. झाले ८५. डब्यातल्या पावडरीवर महिन्याला अडीच-तीन हजार घालवण्यापेक्षा तेच पैसे अंडी-दुधावर घालवावेत. सकाळी सहाच्या सरावाला उपाशीपोटी जाऊ नये. एक केळे आणि मूठभर फुटाणे पुरतात, नंतर पोहे-तर्री खुशाल खावी.

कागद

इथे मुली सर्वांत जास्त वेळ गमावतात. कॉलेजच्या सामन्यांची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत होत नाही. विद्यापीठाची प्रमाणपत्रे फाइलभर असली तरी क्लबच्या दृष्टीने ती खेळाडू नव्यानेच सुरुवात करणारी असते. म्हणून पहिले काम, जिल्हा संघटनेशी संलग्न क्लबकडून सीआरएसवर हौशी खेळाडू म्हणून नोंदणी. त्यात दोन पथ्ये. नोंदणी किती काळाची आहे ते विचारून घ्यावे आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. एका स्पर्धेपुरते म्हणून नाव नोंदवले जाते आणि पुढे दुसऱ्या क्लबने मागितल्यावर सोडायला महिने लावले जातात, असे होते.

दुसरी अडचण नावाची. हिच्या जन्मदाखल्यावर आजोबांकडचे आडनाव, आधारवर वेगळे स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव मध्ये. सीआरएस, पासपोर्ट, पॅन आणि बँक खाते यांत एकच स्पेलिंग हवे. आधी जन्मदाखला आणि दहावीची गुणपत्रिका जुळवावी, मग आधार, मग पॅन, शेवटी पासपोर्ट. उलट क्रमाने गेले की दोनदा फी भरावी लागते. एकूण दोन-तीन महिने जातात, म्हणून हे काम ट्रायल जमल्यावर नव्हे, आज सुरू करायचे.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. तीन-चार मिनिटांचे निवडक प्रसंग आणि सोबत दोन पूर्ण सामने पाठवावेत. पूर्ण सामना नसेल तर प्रशिक्षक गंभीरपणे घेत नाहीत. चित्रीकरण मध्यरेषेजवळ उंचावरून, गॅलरीतून किंवा निदान ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून. संगीत नको. प्रत्येक प्रसंगाआधी तिच्यावर खूण, आणि बचावातले प्रसंग निम्मे तरी हवेत.

दोन प्रस्ताव

नऊ महिन्यांनी तिच्या हातात दोन प्रस्ताव होते. यो-यो १,१६०, हिमोग्लोबिन १२.६, आंतरजिल्हा स्पर्धेत लेफ्ट बॅक म्हणून सगळे सामने. त्या जोरावर इंडियन वुमेन्स लीगमधल्या एका क्लबने राखीव म्हणून घेण्याची तयारी दाखवली, आणि मुंबईतल्या एका क्लबने राज्य लीगसाठी, पहिल्या अकरात, राहण्या-खाण्याची सोय आणि महिना १२,००० रुपये.

घरच्यांचा कल अर्थातच मोठ्या लीगकडे. तिथला आकडाही मोठा. महासंघाने २०२३ मध्ये ठरवले की वुमेन्स लीगच्या क्लबांनी किमान १० भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचे करार करावेत. महिन्याला साधारण २६,६०० होतात. पण नियमात आकडा १० खेळाडूंचा आहे आणि संघात पंचविसेक मुली असतात. विसाव्या क्रमांकाच्या राखीव मुलीला तो लागू होईलच असे नाही. हिला देऊ केलेले होते सहा महिन्यांसाठी, महिना १५,०००.

आम्ही इथे मुंबईचा क्लब निवडावा असे म्हणतो. बाकावर बसून तिची मिनिटे पुन्हा चारशेवर येतील, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा पहिल्या ट्रायलइतकीच कच्ची असेल. राज्य लीगमध्ये चांगली कामगिरी झाली की महाराष्ट्राच्या संघाच्या निवडीसाठी तिचे नाव पुढे येते. राजमाता जिजाबाई करंडकाची वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धा ही अशी जागा आहे की तिथे देशातल्या क्लबांचे प्रशिक्षक स्वतः बघायला येतात. राखीव खेळाडूला ही वाट मिळत नाही.

अमेरिकेत कॉलेजातून थेट व्यावसायिक लीगमध्ये निवड करणारा ड्राफ्ट होता. खेळाडूंच्या संघटनेबरोबरच्या २०२४ च्या करारात तिथल्या महिला लीगने तोही बंद केला. आता तिथल्या मुलींनाही क्लब स्वतः निवडावा लागतो, आणि कुठे खेळायला मिळेल हाच प्रश्न पहिला असतो.

करार वाचताना काय बघायचे? खर्चापेक्षा जास्त मोबदला आणि लेखी करार असेल तर फिफाच्या व्याख्येत ती व्यावसायिक खेळाडू ठरते, मग रक्कम १२,००० का असेना. म्हणून तोंडी बोलणी नकोत. 'मेडिकल उत्तीर्ण झाल्यास करार लागू' असे कलम फिफाच्या नियमात बसत नाही. मेडिकल आधी, सही नंतर. कराराची मुदत निदान हंगामाच्या शेवटापर्यंत. दुखापत झाली तर शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन कोणाच्या खर्चाने आणि त्या काळात मानधन चालू की बंद, हे एका वाक्यात लिहून घ्यावे. हिच्या पहिल्या मसुद्यात फक्त 'प्राथमिक उपचार' एवढेच होते. दोन महिन्यांचे मानधन थकले तर लेखी नोटीस देऊन १५ दिवसांनी करार सोडण्याचा आधार फिफाच्या नियमात आहे, म्हणून पैसे बँकेतूनच यावेत, रोख नको. २०२१ पासून किमान १४ आठवड्यांची मातृत्व रजाही नियमात आहे. मध्यस्थ असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते फिफाच्या यादीत बघावे. परवाना नसलेला 'सर' ट्रायलसाठी आगाऊ पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे.

पदवी आणि पाच टक्के

वडिलांचा प्रश्न रास्त होता: पाय गेला तर पुढे काय? लीगचा काळ साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे उन्हाळी परीक्षांच्या तोंडावर. ७५ टक्के हजेरी जमणार नसेल तर हंगामाआधीच प्राचार्यांना लेखी अर्ज, क्लबचे पत्र आणि सामन्यांचे वेळापत्रक द्यावे. तेही जमले नाही तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते. पदवी सोडू नये, कारण महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी शिक्षणाची अट पूर्ण करावीच लागते. प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. स्पर्धा झाली की त्याच महिन्यात संघटनेकडून विहित नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे. चार वर्षांनी मागायला गेले की पदाधिकारी बदललेले असतात आणि संघाची यादी सापडत नाही.

तिने मुंबईचा करार एका हंगामासाठी केला, दुखापतीचे कलम घालून. तिसऱ्या वर्षाचा परीक्षा अर्ज भरून ठेवला आहे. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करून पुढचा करार करायला ती मोकळी आहे. तोवर दर सामन्यानंतर वहीत तीन गोष्टी लिहायच्या: किती मिनिटे, कोणाविरुद्ध, आणि विंगर किती वेळा पाठीमागे गेली.